खळ शिजवताना मीठ कधी घालावे?

‘स्टार्च तोच, प्रमाणही तेच, मग खळ पातळ का झाली?’ असा फोन आला की आम्ही आधी पाण्याची चौकशी करतो, आणि मग मीठ कधी घातले ते विचारतो.

स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, ढवळणे थांबले की तळाशी बसतात. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सियसच्या दरम्यान पाणी शोषून फुगतो, कणांची आतली घडण मोडते आणि दुधाळ पाणी अर्धपारदर्शक, घट्ट होते. क्षारांमुळे हे तापमान वरखाली होते. साधे मीठ ते चढवते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याहून जास्त मिठात ते पुन्हा उतरू लागते. सोडियम सल्फेट मात्र चढवतच नेते. म्हणूनच कॉस्टिक सोडा (तीव्र अल्कली) घालून स्टार्चवर रासायनिक प्रक्रिया करताना कण फुगू नयेत यासाठी हे सल्फेट वापरतात. कॅल्शियम क्लोराइडचे दाट द्रावण याच्या अगदी उलट: त्यात स्टार्च न तापवताही फुगतो! प्रथिनांवर कोणता क्षार किती प्रभावी ठरतो याची क्रमवारी शास्त्रज्ञ फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी १८८८ मध्ये लावली होती. स्टार्चही बऱ्याच अंशी तीच पाळतो.

थोडक्यात, मिठाच्या पाण्यात नेहमीच्याच तापमानाला गॅस बंद केला तर काही कण कच्चे राहतात. म्हणून आधी साध्या पाण्यात पूर्ण शिजवा, मीठ मागाहून घाला.

बटाट्याच्या स्टार्चला एवढ्याने भागत नाही. त्याच्या रेणूंवर फॉस्फेटचे ऋण भार असतात. ते एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे कण भरपूर फुगतात आणि खळ दाट, तारेची होते. मीठ किंवा कठीण पाण्यातले कॅल्शियम हे ढकलणेच मंदावते. मग मीठ आधी घाला की नंतर, दाटपणा उतरतोच. मक्यात असे फॉस्फेट नगण्य असल्याने त्याला फारसा फरक पडत नाही. खारट मिश्रणासाठी किंवा कठीण पाण्यासाठी आम्ही मकाच सुचवतो, मग बटाट्याची चकाकी हुकली तरी चालेल.

शंका असेल तर दोन भांड्यांत सारख्या वजनाचा स्टार्च, सारख्याच आचेवर शिजवा: एकात तुमचे नेहमीचे पाणी, दुसऱ्यात डिस्टिल्ड. फक्त डिस्टिल्डमधली खळ दाट झाली तर पाणी बदला. दोन्ही पातळ झाल्या तर पोत्यावरचा बॅच क्रमांक आम्हाला कळवा.