दोन घरांमधले दहा फूट

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातले पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडेना हे भाग जळाले. १६ हजारांहून अधिक बांधकामं गेली. मागोमाग समाजमाध्यमांवर फोटो फिरू लागले: रांगेनं घरांची राख आणि त्या राखेत उभी हिरवी झाडं. आग खरी असती तर झाडं आधी जळली असती, म्हणून घरं आकाशातून लेझरनं जाळली, असा दावा त्यांच्यासोबत होता. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज आणि २०२३ मध्ये हवाई बेटांवरचं लाहायना ही गावं जळाली तेव्हाही हाच दावा झाला होता. फोटो खरे आहेत, निष्कर्ष साफ चुकीचा. घरं का गेली याचं उत्तर आकाशात शोधायचं नाही, दोन घरांमधल्या जागेत शोधायचं.

१९७३ मध्ये अमेरिकेत बांधलेल्या नव्या स्वतंत्र घराचं मध्यक क्षेत्रफळ १,५२५ चौरस फूट होतं, २०१५ मध्ये ते २,४६७ झालं. प्लॉट मात्र त्या मानानं वाढले नाहीत. त्यामुळे अनेक नव्या वसाहतींत दुमजली घर हद्दीपासून पाच फुटांवर, शेजारचंही पाच फुटांवर, आणि दोन भिंतींमध्ये जेमतेम दहा फूट म्हणजे तीन मीटर. कॅलिफोर्नियातलं सॅन रमोन आणि डब्लिन, टेक्सासमध्ये डॅलसजवळचं फ्रिस्को इथे आपली कितीतरी मराठी कुटुंबं अशा घरांत राहतात. या रचनेचे फायदे खरे आहेत. तेवढीच घरं कमी जमिनीत मावतात, रस्ते आणि पाण्याच्या-सांडपाण्याच्या वाहिन्या आखूड होतात, हिरवळ लहान असल्यानं कोरड्या पश्चिमेत पाणी वाचतं, मुलांना खेळायला सोबती शेजारीच मिळतात. तोटेही रोजचे आहेत: बाजूच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते, उजेड कमी येतो, छपरं आणि फरशी वाढल्यानं पाऊस जमिनीत मुरत नाही. पण सगळ्यात गंभीर तोटा घर घेताना कुणी मोजत नाही. तो आहे प्रारणाचा.

होळी पेटली की पुढे उभं राहणाऱ्याचा चेहरा भाजतो आणि पाठ गार राहते. गरम हवा तर सरळ वर जाते. मग चेहऱ्याला लागते ती उष्णता कुठली? ती अवरक्त किरणांची, म्हणजे प्रारणाची. तापलेल्या पृष्ठभागाचं केल्विनमधलं तापमान दुप्पट झालं तर प्रारण सोळापट होतं, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेलाही ते तितक्याच वेगानं पोचतं.

आता शाळेतला एक नियम आठवा: अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाई होते. हा नियम दिव्यासारख्या छोट्या स्रोताला लागतो. समोर जळती भिंत असेल तर लागत नाही, कारण एक पाऊल मागे सरलात तरी नजरेसमोर भिंतच असते. प्रश्न असतो तो समोरच्या अवकाशाचा किती भाग ज्वाळांनी व्यापला आहे याचा. १२ मीटर रुंद आणि ७ मीटर उंच, म्हणजे दुमजली भिंत पूर्ण पेटली आहे असं धरून मी गणित केलं. तीन मीटरवर समोरच्या भिंतीच्या मध्यबिंदूसाठी हा वाटा ७२ टक्के येतो. शाळेतल्या नियमानं सहा मीटरवर तो १८ व्हायला हवा होता, पण येतो ४०. दहा मीटरवर २०, वीस मीटरवर ६.

ब्रिटनमध्ये इमारतींमधलं सुरक्षित अंतर काढताना घराच्या आगीचं प्रारण दर चौरस मीटरला ८४ किलोवॅट धरतात. मग दहा फुटांवरच्या भिंतीवर सुमारे ६० किलोवॅट पडतात. भर उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन असतं सुमारे एक किलोवॅट. जवळ ठिणगी असेल तर लाकूड साधारण १२.५ किलोवॅटला पेट घेऊ शकतं. प्रत्यक्षात पूर्ण भिंत एकदम पेटत नाही, ज्वाळा खिडक्यांतून आणि छपरातून निघतात, त्यामुळे आकडा खाली येतो, पण ६० आणि १२.५ मधली दरी फार मोठी आहे. आता तेच घर एकमजली, तीन मीटर उंचीचं धरा. दहा मीटरवर त्याचं प्रारण ८ किलोवॅटच्या आत राहतं, दुमजली घराचं मात्र १७ पर्यंत जातं. म्हणजे नुसतं जवळ असणं पुरेसं नाही, मोठं असणंही तितकंच महत्त्वाचं. या वसाहतींत दोन्ही एकत्र आले आहेत.

भिंतीवर हे प्रारण पडलं की आधी काच जाते. खिडकीच्या काचेची कड चौकटीत दडलेली असते, ती गार राहते. मधला भाग तापून पसरतो, कड ताणली जाते, तडा कडेपासून सुरू होतो आणि काच गळून पडते. मग ठिणग्यांना आणि प्रारणाला पडद्यांपर्यंत वाट मोकळी. टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन गार करून कणखर केलेली काच तापमानातला याहून खूप मोठा फरक सोसते. बाहेरून व्हिनाइलचं, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण असेल तर ते ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊन लोंबू लागतं आणि आतलं लाकूड उघडं पडतं. यासाठी आगही लागत नाही. शेजारच्या दुहेरी काचेच्या खिडकीतल्या काचा हवेच्या दाबानं किंचित आत वाकल्या की त्या अंतर्वक्र आरशाचं काम करतात, आणि त्यांनी परावर्तित केलेल्या उन्हानं समोरच्या घराचं व्हिनाइल वितळल्याची उदाहरणं अमेरिकेत नोंदली गेली आहेत. आपल्याकडच्या विटा-काँक्रीटच्या रो-हाउसला हा धोका फार कमी. अमेरिकेतलं घर मुळात लाकडी सांगाड्याचं असतं.

३० डिसेंबर २०२१ ला कोलोरॅडोत बोल्डरजवळ मार्शल आग लागली. ती गवतात सुरू झाली, वारा ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे होता. घनदाट जंगल नव्हतंच. सुपीरियर आणि लुइव्हिल या उपनगरांतली हजाराहून अधिक घरं काही तासांत गेली. सुपीरियरची सॅगामोर ही दाटीची वसाहत जवळजवळ पूर्ण जळाली. पहिली काही घरं ठिणग्यांनी पेटली, आणि त्यानंतर घरच घराचं इंधन झालं.

हिरव्या झाडांचा उलगडा इथेच होतो. झाडांची आग एका जागी जेमतेम मिनिटभर टिकते, घर तास-दोन तास जळतं. पेट घ्यायला तीव्रतेइतकाच वेळही लागतो. जॅक कोहेन या अमेरिकी संशोधकाच्या प्रयोगात जंगलात झाडांच्या शेंड्यांतून पसरणाऱ्या आगीसमोर लाकडी भिंती ठेवल्या होत्या. दहा मीटरवरच्या काही पेटल्या, तीस मीटरवरची एकही नाही. जिवंत पानं आणि खोड पाण्यानं भरलेली असतात, आणि घराच्या आत वाळलेलं लाकूड, फोम, प्लास्टिक. ठिणग्या पोटमाळ्याच्या हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या झडपेतून आत शिरतात आणि घर आतून पेटतं, बाहेरचं झाड फक्त होरपळतं. पॅराडाइजच्या अभ्यासातही, घर वाचलं की नाही हे ठरवणाऱ्या मोठ्या कारणांत शेजारचं जळालेलं घर किती जवळ होतं हे कारण निघालं.

तिथे घर घेणारे आपले लोक पूर्वाभिमुख दार शोधतात, त्यासाठी जास्त पैसेही मोजतात. दाराच्या दिशेचा आगीशी काही संबंध नाही. बाजूच्या भिंतीवर स्टको, म्हणजे सिमेंटचा गिलावा आहे की व्हिनाइल, खिडकीची काच टेम्पर्ड आहे का, पोटमाळ्याच्या झडपेला बारीक जाळी आहे का, दोन घरांमधलं कुंपण लाकडी आहे का, हे प्रश्न विचारा. उत्तरं चुकीची निघाली तर यातलं बरंच काही बदलून घेता येतं.

कॅलिफोर्नियानं २०२० मध्ये कायदा करून आगीच्या धोक्याच्या भागांत घराभोवतीच्या पाच फुटांत जळण्यासारखं काही नसावं असं ठरवलं. नियमावली तयार होताना झुडपं आणि कुंपणं काढावी लागतील म्हणून मोठा विरोध झाला. हे पाच फूट ठिणग्यांसाठी आहेत, प्रारण त्यानं थांबत नाही. शिवाय दहा फुटांच्या जागेत तुमचे पाच फूट संपतात तिथेच शेजाऱ्याचे सुरू होतात. तुम्ही तुमची बाजू स्वच्छ केली आणि पलीकडे लाकडी कुंपणाला टेकून पालापाचोळा आणि कचऱ्याची प्लास्टिक पिंपं राहिली, तर तुमची खिडकी त्यांच्यापासून जेमतेम पाच-सहा फुटांवरच राहते.