रोह्स म्हणजे लेड-फ्री नव्हे

जालन्याला भाच्यानं इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून माझा फोन दुपारी दोनच्या सुमारास हमखास वाजतो. गिऱ्हाईक नसलं की त्याला शंका येतात. मागच्या आठवड्यात त्यानं दोन फोटो पाठवले. एकात संभाजीनगरच्या पैठण गेटहून आणलेलं मॉसफेटचं, म्हणजे इन्व्हर्टरमधली वीज चालू-बंद करणाऱ्या भागाचं पाकीट, त्यावर ठळक छापलेलं ‘रोह्स’ (RoHS). दुसऱ्यात त्याच मॉसफेटच्या डेटाशीटमधली, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातली एक ओळ, आत शिसं असल्याची. खाली मेसेज: “मामा, दुकानदारानं फसवलं का काय? रोह्स म्हणजे लेड-फ्रीच ना?”

फसवलं नव्हतं. पाकीटही खरं बोलत होतं आणि डेटाशीटही.

लेड-फ्री हे धातूचं वर्णन आहे. सोल्डरमध्ये, म्हणजे भाग बोर्डाला जोडायला वितळवतात त्या धातूत, शिसं घातलेलं नाही, एवढंच ते सांगतं. रोह्स हा विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या घातक पदार्थांवरचा युरोपचा कायदा, १ जुलै २००६ पासून लागू झालेला. कायदा म्हटला की यादी आली, मर्यादा आली आणि सूट तर आलीच. यादीत आधी सहा नावं होती: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम, आणि प्लॅस्टिक पेटू नये म्हणून त्यात घालतात त्या ब्रोमिनच्या रसायनांचे दोन गट. २०१९ मध्ये वायरचं प्लॅस्टिक मऊ ठेवणारी चार थॅलेट जोडली, ती धरून आता दहा. कॅडमियमला मर्यादा ०.०१ टक्का, बाकी सगळ्यांना ०.१ टक्का.

०.१ टक्का कशाच्या? इथं भले भले चुकतात. अख्ख्या यंत्राच्या वजनाच्या नाही. स्क्रू काढून, कापून, खरवडून जे जे वेगळं करता येईल ते प्रत्येक स्वतंत्र धरायचं. म्हणजे टाक्यावरचा, पाय बोर्डाला जिथं जोडतात तिथला, सोल्डरचा एक थेंब हासुद्धा स्वतंत्र माल. त्या थेंबात ३७ टक्के शिसं असेल तर ‘बारा किलोच्या इन्व्हर्टरमध्ये एवढंसं शिसं म्हणजे दर्यामें खसखस’ ही सबब चालत नाही.

मग मॉसफेट कसा सुटला? त्याच्या पोटात सिलिकॉनची चकती तांब्याच्या पट्टीवर बसवलेली असते, तीही सोल्डरनंच. हा सोल्डर ८५ टक्क्यांहून जास्त शिशाचा असतो आणि तीनशे अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. तसाच हवा, कारण बाहेरचे पाय बोर्डाला जोडताना सोल्डर अडीचशे अंशांच्या घरात जातो, तेव्हा आतली चकती जागची हलून चालणार नाही. त्याच्या तोडीचं दुसरं काही सहज मिळत नाही, म्हणून कायद्यानं त्याला सूट दिली आणि ती मुदतवाढ देत देत चालवली. तर हा माल रोह्समध्ये बसतो, पण लेड-फ्री नाही. उलटंही होतं. एखाद्या केबलमध्ये शिशाचा कणही नसेल, पण आवरणात बंदी असलेलं थॅलेट निघालं की ती लेड-फ्री असूनही रोह्समध्ये नापास.

मात्र ६०/४० च्या, म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिशाच्या, साध्या सोल्डरच्या रिळावर कुणी रोह्सचं स्टिकर लावून देत असेल, तर तिथं सूटबीट काही नाही. ते स्टिकर चुकीचं आहे.

आता प्रत्यक्ष सोल्डरकडं येऊ. मूळ धातू कथील, आपल्या कल्हईवाल्याचं तेच. जुन्या सोल्डरमध्ये ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं, वितळतो १८३ अंशांना, तेही एका झटक्यात. लेड-फ्रीमध्ये कारखान्यात जास्त चालतो तो ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असा. तो २१७ ते २२० अंशांना वितळतो. चांदी परवडत नाही ते कथील-तांब्यावर भागवतात, त्याला २२७ लागतात. तीस-चाळीस अंशांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण त्याच्यामुळं कनेक्टरचं प्लॅस्टिक बदलावं लागलं, भट्टीचं सेटिंग बदलावं लागलं. वेव्ह सोल्डरिंगमध्ये बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेतात, त्या सोल्डरच्या स्टीलच्या टाक्याही बदलाव्या लागल्या, कारण गरम कथील लोखंड खातं आणि शिसं गेल्यावर टाकीत जवळजवळ कथीलच उरलं. भाच्याच्या सोल्डरिंग आयर्नची बिट, म्हणजे तापणारं टोक, महिनाभरात झिजते, त्यामागं हेच कारण.

वाळूजला गाड्यांचे बोर्ड बनवणाऱ्या ज्या कारखान्यात मी होतो तिथं बदलाच्या पहिल्या वर्षी वेगळाच गोंधळ झाला. जुना टाका आरशासारखा चमकायचा. मळकट दिसला की ‘ड्राय’, म्हणजे नीट न धरलेला, म्हणायचं आणि पुन्हा बिट लावायची, हे तपासणीच्या बायकांच्या हातात पंधरा वर्षं बसलेलं. लेड-फ्रीचा चांगला टाकाही मळकट, जरा दाणेदारच दिसतो. त्या बिचाऱ्या दिवसभर चांगले टाके पुन्हा पुन्हा तापवत बसल्या. दोन-तीनदा तापवलं की पॅड, म्हणजे टाका बसतो तो तांब्याचा ठिपका, बोर्डावरून उचकटतो. तपासणीत पास झालेले बोर्ड गाडीत बसल्यावर परत यायला लागले. शेवटी एका मुकादमानं भिंगाखाली दोन टाके शेजारी धरून दाखवलं: चमक बघू नका, सोल्डर पायाला कसा टेकलाय ते बघा. कडा पातळ होत होत पायावर चढली असेल तर टाका चांगला. पाण्याच्या थेंबासारखा गोळा होऊन बसला असेल तर ड्राय, मग कितीही चमको.

शिसं काढण्याचा एक तोटा मात्र खरा आहे. शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून केसाहून बारीक तंतू आपोआप उगवतात, त्यांना मिशा म्हणतात, आणि शेजारच्या दोन पायांत त्या शॉर्ट करू शकतात. १९९८ मध्ये गॅलक्सी-४ हा उपग्रह बंद पडला, त्याचं खापर अशाच मिशांवर फुटलं. थोडं शिसं मिसळलं की मिशा दबतात. संरक्षण आणि अंतराळाची सामग्री रोह्सच्या बाहेर ठेवलीय ती उगाच नाही.

मग एवढा उपद्व्याप कशासाठी? सोल्डर करणाऱ्याच्या छातीसाठी, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. बिटच्या उष्णतेला शिशाची वाफ जवळपास होतच नाही. नाकात जातो तो फ्लक्समधल्या, म्हणजे सोल्डर नीट धरावा म्हणून त्यात घालतात त्या पदार्थातल्या, राळेचा धूर, आणि तो लेड-फ्री वायरचाही तितकाच वाईट, दम्याला आमंत्रण. शिसं पोटात जातं ते हातानं, सोल्डर धरून तसाच वडापाव खाल्ला की. कायद्याची नजर आहे ती भंगारावर, बोर्ड जाळून तांबं काढणाऱ्यांवर आणि तिथल्या माती-पाण्यावर. जगातलं बहुतेक शिसं बॅटऱ्यांत जातं आणि त्यांना हा कायदा लागू नाही, हा विरोधकांचा मुद्दा खरा आहे. पण बॅटरीचं शिसं एकगठ्ठा परत मिळतं, बोर्डावरचं हजारो थेंबांत विखुरतं. नव्या उत्पादनाला हा नियम योग्यच, असं माझं मत. जुन्या बोर्डाच्या दुरुस्तीत तो ओढून आणू नये.

आपल्याकडचा नियमही तसं ओढत नाही. ई-कचरा नियमांतली ही मर्यादा भारतात १ मे २०१४ पासून आहे आणि ती उत्पादकासाठी आहे. त्याआधी बाजारात आलेल्या यंत्रांचे रोह्सवाले सुटे भाग मिळत नसतील, तर जुने चालतात. म्हणून भाच्याला सांगितलं, २०१४ च्या आधीचा इन्व्हर्टर आला तर निवांत ६३/३७ लाव.

ज्याला खरं भ्यावं ते वेगळंच आहे. मोबाइलवाल्यांकडं ‘१३८ ची पेस्ट’ मिळते, कथील आणि बिस्मथची. डबीवर लेड-फ्री लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं. पण हीच पेस्ट शिशाच्या जुन्या टाक्यावर पडली की कथील, शिसं, बिस्मथ मिळून एक भाग असा तयार होतो जो ९६ अंशांनाच वितळतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४३ अंश, त्यात इन्व्हर्टर भरल्या लोडवर. मॉसफेटचा पाय शंभरीला टेकायला कितीसा वेळ? टाका टेबलावर मस्त दिसतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी सुटतो. भाच्यानं गेल्या उन्हाळ्यात परत आलेले दोन इन्व्हर्टर आठवले आणि फोनवर थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मामा, ती डबी आत्ताच कपाटावर टाकतो.”

बिट दोन ठेव म्हटलं, एक शिशाची, एक बिनशिशाची, आणि शिशाच्या दांड्यावर खूण कर. संध्याकाळी बहिणीचा फोन. तिची लाल नेलपॉलिश सापडत नव्हती.