मुतखडा आणि इन्फेक्शन एकत्र आले की गोळ्या का पुरत नाहीत

लघवीला उन्हाळी लागली की सायट्रेटचं सिरप, ताप आला की अँटिबायोटिक, सोनोग्राफीत खडा दिसला की भरपूर पाणी आणि कुळथाचं कढण, मुंबईत घरोघरी हेच चालतं आणि बऱ्याचदा चालूनही जातं. भानगड होते ती खडा आणि इन्फेक्शन एकाच किडनीत असले की, कारण मग हेच उपाय एकमेकांच्या पायात पाय घालतात.

खडा कापून काढणं आपल्याकडे जुनंच. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार दिलेत, खालून चीर देऊन मूत्राशयातला खडा काढायची पद्धत दिलीय, आणि वर असंही म्हटलंय की नाही कापलं तर मरण नक्की, कापलं तर शंका, म्हणून आधी राजाला विचारून घ्या. आजच्या कन्सेंट फॉर्मचा हा पणजोबाच म्हणायचा!

पण इन्फेक्शनमुळेच खडा होतो हे कळायला फार वेळ लागला. १८४५ मध्ये उलेक्स नावाच्या जर्मन माणसाने हॅम्बुर्गला चर्चच्या पायाच्या खोदकामात, जुन्या शेणखताच्या थरात सापडलेल्या खनिजाला स्ट्रुव्हाइट नाव दिलं. मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट यांचं हे मीठ, आणि किडनीतला इन्फेक्शनचा खडा मुख्यतः ह्याचाच असतो. १८८५ मध्ये प्रोटियस जंतूचं वर्णन झालं, १९०१ मध्ये ब्राउन नावाच्या संशोधकाने असे जंतू आणि खडे यांचा संबंध मांडला. मग १९२६ मध्ये अमेरिकेत जेम्स समनरने एका जातीच्या शेंगेच्या बियांतून युरिएज हे एन्झाइम स्फटिकरूपात वेगळं काढलं, पुढे त्याला नोबेलही मिळालं. प्रोटियस, क्लेबसिएला वगैरे जंतू हेच एन्झाइम वापरून लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, लघवी अल्कलाइन होते, आणि त्यात हे मीठ भराभर साचत जातं, कधी कधी किडनीच्या सगळ्या कप्प्यांत शिरून सांबराच्या शिंगासारखा फाटे फुटलेला खडा तयार होतो. जंतू त्या खड्याच्या आतच राहतात, तिथे औषध नीट पोचत नाही. म्हणून कोर्स संपतो, ताप उतरतो, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच सुरू.

आता त्या सिरपचं बघा. ते लघवी अल्कलाइन करतं. युरिक अॅसिडच्या खड्याला हे उपयोगी, पण स्ट्रुव्हाइट तर अल्कलाइन लघवीतच वाढतो, तिथे स्वतःच्या मनाने बाटल्या रिचवणं म्हणजे उलटंच काम. जंतूंवरच्या सल्फा गोळ्या १९३५ नंतर आल्या तेव्हा त्या औषधाचेच स्फटिक लघवीत साचायचे, म्हणून तेव्हाचे डॉक्टर सोबत सोडा आणि भरपूर पाणी द्यायचे, त्या औषधाला ते बरोबर होतं. नंतर १९५३ मध्ये आलेली नायट्रोफुरँटोइन ही जंतूंवरचीच गोळी मात्र अॅसिडिक लघवीत जास्त चांगली चालते, शिवाय ती मूत्राशयाच्या इन्फेक्शनसाठी, किडनीपर्यंत चढलेल्या इन्फेक्शनला ती पुरत नाही. म्हणजे मागच्या वेळी लागू पडलेली तीच गोळी ह्या वेळी पडेलच असं नाही, आधी युरिन कल्चर, म्हणजे लघवीत कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघणारी तपासणी, पाठवा, मग गोळी ठरू द्या.

१९८० च्या दशकात सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं आली आणि आपण ती पुडीत दोन-दोन गोळ्या अशी खाल्ली, जंतू शहाणे झाले. शेवटी सरकारने शेड्यूल एच-वन ही औषधांची खास यादी आणली, मार्च २०१४ पासून लागू, त्यातल्या अँटिबायोटिक्सची नोंद केमिस्टला रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला समजावून सांगणं हेही फार्मासिस्टचं काम म्हणून आलं, पण संध्याकाळी सातला स्टेशनसमोरच्या दुकानात कोण कोणाला समजावणार हा प्रश्नच आहे.

समजावण्यातही बदल झालेत. पूर्वी खडा झाला की दूध बंद करायचे. २००२ च्या इटलीतल्या अभ्यासात कॅल्शियमचे खडे पुन्हा पुन्हा होणाऱ्या पुरुषांमध्ये उलटं दिसलं, कॅल्शियम नेहमीइतकं आणि मीठ-मांस कमी, अशांना खडे कमी झाले. पाण्याचा सल्ला मात्र टिकला, १९९६ च्या अभ्यासात जास्त पाणी पिणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. पण विरार लोकलने दीड तास येणाऱ्या बाईला भरपूर पाणी प्या म्हणणं सोपंय, ती जाणार कुठे? मुंबईत २०११ मध्ये राइट टू पी चळवळ उभी राहिली ती ह्याच रागातून.

खडा अडकलाय आणि थंडी वाजून ताप आलाय, तर घरी कढण पीत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तुंबलेली लघवी आधी मोकळी करावी लागते, नुसतं सलाइनमधून अँटिबायोटिक देऊन भागत नाही. त्यासाठी डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत ठेवायची बारीक नळी, १९७८ पासून आहे, नाहीतर पाठीतून नळी. ताप आटोक्यात आला की मग खडा, पाठीतून दुर्बिणीने काढायची पद्धत १९७६ ची, बाहेरून शॉकवेव्ह देऊन फोडायची १९८० ची. इन्फेक्शनच्या खड्याचा बारीक तुकडासुद्धा मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो, त्यामुळे ऑपरेशननंतरची सोनोग्राफी किंवा सीटी चुकवू नका. आणि स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावरून मोबाईलमध्ये टाकून ठेवा, दुखत नाही म्हणून लोक विसरतात आणि मग स्टेंटवरच खडा चढतो.