पिको बोर्ड : केबलपासून संत्र्याच्या आळ्यापर्यंत

वरूड-मोर्शी पट्ट्यात आंबिया बहरासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत संत्र्याचं पाणी तोडून झाडांना ताण देतात. ताण किती बसला याचा अंदाज मातीच्या ओलाव्यावरून घ्यायचा असेल, तर रास्पबेरी पाय पिको हा 51 बाय 21 मिलिमीटरचा, प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड पुरेसा आहे. 2021 साली आलेल्या या बोर्डवर आरपी2040 चिप आणि 2 एमबी फ्लॅश मेमरी आहे.

नवा पिको कॉम्प्युटरला जोडला तरी त्यावर काहीच पेटत नाही, कारण त्याला पॉवरचा दिवाच नाही. बोर्ड खराब निघाला असं समजून परत पाठवू नका. आधी केबल तपासा. स्वस्त मायक्रो यूएसबी केबलींत पुष्कळदा फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतात. त्याच केबलने एखादा मोबाइल कॉम्प्युटरला जोडून त्यातल्या फाइली दिसतात का, ते पाहा.

आता बोर्डवरचं पांढरं बूटसेल बटन दाबून ठेवा आणि तसंच यूएसबी लावा. पेनड्राइव्हसारखी 'आरपीआय-आरपी2' ही ड्राइव्ह दिसेल. तिच्यात मायक्रोपायथॉनची (अशा छोट्या बोर्डांसाठीच्या पायथॉन भाषेची) यूएफ2 फाइल टाकली की ड्राइव्ह गायब होते, काम झालं. हा बूटचा प्रोग्राम चिपच्या रॉममध्ये पक्का असल्याने चुकीची फाइल टाकूनही बोर्ड निकामी होत नाही, बिनधास्त पुन्हा करा. मात्र पिको, वायफायवाला पिको डब्ल्यू आणि पिको 2 यांच्या फाइली वेगवेगळ्या आहेत. शिवाय साध्या पिकोचा दिवा चिपच्या 25 नंबरच्या जीपी पिनवर (जीपी25) आहे, तर डब्ल्यूचा वायफायच्या चिपला जोडलेला आहे. म्हणून एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर दिवा लावत नाही.

प्रोग्राम कॉम्प्युटरवरच्या थॉनी या पायथॉन एडिटरमध्ये लिहा आणि बोर्डवरच 'मेन डॉट पीवाय' नावाने सेव्ह करा. नाव चुकलं तर शेतात बॅटरी जोडल्यावर तो आपोआप सुरू होणार नाही.

ओलाव्यासाठी कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या. दोन उघड्या दांड्यांचा सेन्सर मातीत गंजत जातो. सेन्सरचा प्लस बोर्डच्या कडेच्या 36 नंबरच्या पिनला, ग्राउंड 38 ला, आउटपुट 31 ला. शेजारच्या 40 नंबरवर यूएसबीचे 5 व्होल्ट येतात, तिथे लावू नका. पिकोच्या इनपुट पिना 3.3 व्होल्टच्याच आहेत.

बोर्ड 0 ते 65535 मधला आकडा देतो आणि माती ओली होते तसा तो कमी होतो. आपल्याच बगीच्याची माती डब्यात घेऊन एक आकडा पूर्ण कोरडीचा, एक पाण्याने भरलेलीचा लिहून ठेवा. काळी माती वाळली की भेगाळते. भेग नेमकी सेन्सरजवळ पडली तर सेन्सरच्या मातीतल्या पात्याला हवा लागते आणि आत ओल असूनही आकडा कोरडा येतो. अशा वेळी सेन्सर उपसून भेग नसलेल्या जागी घट्ट रोवा. पात्याच्या कडांना आधी वॉर्निश लावा, नाहीतर तिथून पाणी मुरतं. वरचे सुटे भाग मातीबाहेरच ठेवा.

पॉवर बँक इथे टिकत नाही: पिको इतकी कमी वीज ओढतो की बरेच पॉवर बँक काही वेळाने आपोआप बंद पडतात. त्यापेक्षा 3 पेन्सिल सेल व्हीसिस पिनला, म्हणजे 39 नंबरला जोडा. कॉम्प्युटरची यूएसबी लावण्याआधी मात्र ते काढून घ्या.