अजिंठा-वेरूळच्या नादात जे शहर बघायचंच राहतं

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे कालपरवापर्यंतचं औरंगाबाद. इथे येणाऱ्यांचा प्लॅन बहुतेक ठरलेलाच असतो, एक दिवस वेरूळ-घृष्णेश्वर-दौलताबाद, एक दिवस अजिंठा, मधे वेळ मिळाला तर बीबी का मकबरा आणि मग रात्रीची गाडी. शहर म्हणजे फक्त मुक्कामाची जागा. हे असं का झालं ते जरा मागे जाऊन बघायला पाहिजे, कारण हे शहर एकेकाळी सगळ्या दख्खनची राजधानी होतं.

सुरुवात खडकी नावाच्या गावापासून. 1610 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तिथे राजधानी वसवली. हा माणूस मूळचा इथिओपियाचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला आणि कर्तबगारीवर अख्खी निजामशाही चालवायला लागला. जहांगीर बादशहाला त्याचा इतका राग होता की मलिक अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्रच त्याने काढून घेतलं (प्रत्यक्षात मात्र तो कधी हाताला लागला नाही). 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्याच बाजूने लढले होते.

आता खडकीचा प्रॉब्लेम पाण्याचा. खाम नदी लहान, जमीन खडकाळ, आणि त्यात 1616 मध्ये मुघलांनी गाव लुटून जाळलं. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच मलिक अंबरने नहर काढली, नहर-ए-अंबरी. उत्तरेच्या डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी बोगद्यात गोळा करायचं, नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणायचं, मधे मधे हवेसाठी आणि साफसफाईसाठी विहिरीसारखी तोंडं ठेवायची, आणि शहरात आल्यावर उंच खांबांतून पाण्याचा दाब सांभाळत मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या हौदांत सोडायचं. ना मोट ना पंप. पुढे मुघल आणि मग हैदराबादच्या निजामाच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या आणि त्यांच्यावर शहर तीनशेहून जास्त वर्षं पाणी प्यायलं. आज याच शहरातल्या कितीतरी वस्त्यांना नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, म्हणून मला तरी ही नहर शहरातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, मकबऱ्यापेक्षाही. आणि तिचीच अवस्था सगळ्यात वाईट आहे, कुठे वर घरं झाली कुठे रस्ता गेला कुठे तोंडं बुजली.

हे तंत्र चालू कसं होतं ते बघायचं तर पाणचक्कीला जा. औरंगजेबाच्या काळातले सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. डोंगराकडचं पाणी मातीच्या पाइपातून येतं, भिंतीवर चढतं, वरून हौदात पडतं आणि त्या जोरावर खाली दळण दळलं जायचं, फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी. लोक फोटो काढून पाच मिनिटांत निघतात, पण पाणी एवढ्या उंचीवर चढलं कसं हे तिथे उभं राहून समजून घेण्यासारखं आहे.

दरवाज्यांचं शहर म्हणतात ते खरंच आहे. त्यातला भडकल दरवाजा बघाच, मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने 1612 मध्ये बांधलेला. बाकीचे बरेचसे नंतरचे, औरंगजेब 1653 मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि शहराला स्वतःचं नाव दिलं त्यानंतरचे.

मग उतरण कधी लागली? 1763 मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेली, दरबार गेला, सरदार गेले, त्यांच्यामागे कारागीरही पांगले. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली आणि स्टेशनमुळे शहर लेण्यांना जायचं ठिकाण झालं. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने पुढे अजिंठ्यावर खूप काम केलं, चित्रं वाचवायला 1920 मध्ये इटलीहून तज्ज्ञ आणले. 1983 मध्ये अजिंठा आणि वेरूळ दोन्ही जागतिक वारसा यादीत गेले आणि मग पर्यटनाची सगळी जाहिरात त्या दोन नावांवरच चालत राहिली.

याचा सगळ्यात जास्त फटका बसला तो शहराच्याच लेण्यांना. मकबऱ्याच्या मागे, दोन-तीन किलोमीटरवर डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत, बौद्ध, बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली, चौथ्या क्रमांकाचं चैत्यगृह (म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह) त्याहून जुनं. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष भक्त आहेत, जवळपास माणसाच्या उंचीचे, केशरचना दागिने चेहरे सगळे वेगवेगळे, समोर माणसंच बसलीत असं वाटतं. सातव्यात अवलोकितेश्वर म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आग, चोर, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती अशा संकटांत त्याचा धावा करणारे लोक कोरलेत. त्या काळी डोंगरदऱ्यांतून आणि समुद्रावरून माल नेणाऱ्या व्यापाऱ्यांना नेमकी कशाची भीती वाटायची ते त्यात दिसतं. त्याच लेण्यात आत वादक स्त्रियांच्या मधे नाचणारी स्त्री आहे, ती तर अजिबात चुकवू नका. बॅटरी सोबत ठेवा, आत अंधार असतो, आणि सकाळी लवकर गेलात तर चढ सोपा जातो.

उतरताना वाटेत विद्यापीठाजवळ सोनेरी महल लागतो, बुंदेलखंडच्या पहाडसिंगाने सतराव्या शतकात बांधलेला, आता तिथे राज्य सरकारचं म्युझियम आहे. लेणी आणि महल मिळून अर्धा दिवस पुरतो, भडकल दरवाजा आणि पाणचक्की एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे उरलेल्या अर्ध्या दिवसात ती दोन्ही आरामात होतात.