माउसचा डोंगल हरवला की दुसरा का चालत नाही?

गणपतीला भाचा पुण्याहून गुहागरला आला तो लॅपटॉप घेऊनच. दुसऱ्याच दिवशी त्याचा माउस गप्प. माउस ठणठणीत होता, पण त्याचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा तो नखाएवढा रिसीव्हर, गर्दीत कुठेतरी पडला. पडवी दोनदा झाडली, मिळाला नाही. काका म्हणाले, "शृंगारतळीला मिळेल की दुसरा. टीव्हीचा रिमोट नाही का आणत?"

गफलत नेमकी इथेच होते. रिमोट अवरक्त किरणांनी ठरलेला संकेत फेकतो आणि त्या जातीचा कुठलाही टीव्ही तो पाळतो, शेजाऱ्याचासुद्धा. माउस मात्र रेडिओ लहरींवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथे वायफाय, ब्लूटूथ, सगळ्यांचाच कालवा. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. अँटेनाला तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ३ सेंटिमीटर तांबं पुरतं. तेच नागमोडी वळवून डोंगलात बसवलेलं असतं.

या कालव्यात आपला माउस ओळखायचा कसा? हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. शंभर जण एकदम ओरडत असतात, पण आपलं नाव कानावर पडलं की मान वळतेच. डोंगलही तेच करतो. माउस जरा हलला की बिटांचं छोटं पाकीट सुटतं. सुरुवातीला एकाआड एक १ आणि ०, म्हणजे नुसतं "अहो, अहो". मग पत्ता, मग किती सरकलो आणि कुठलं बटण दाबलं ते. पत्ता बऱ्याच चिपांत ५ बाइटचा, म्हणजे ४० बिटांचा असतो. त्यातून सुमारे १.१ लाख कोटी वेगवेगळे पत्ते होतात. पत्ता जुळला नाही तर डोंगल ते पाकीट तिथेच सोडून देतो.

शेवटी येते माझी सगळ्यात आवडती गोष्ट, सीआरसी, म्हणजे पाकीट वाटेत बिघडलं तर नाही ना हे तपासायची युक्ती. पाकिटातले सगळे बिट एका बहुपदीचे सहगुणक मानायचे, ठरलेल्या दुसऱ्या बहुपदीने भागायचे (हातचा न घेता, वजाबाकीच्या जागी एक्सॉर, म्हणजे दोन बिट सारखे तर ०, वेगळे तर १) आणि उरलेली बाकी शेपटीला जोडायची. डोंगल तोच भागाकार पुन्हा करतो. बाकी जुळली की पोच देतो. पोच आली नाही तर माउस तेच पाकीट पुन्हा धाडतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.



तर, दुकानातून अगदी त्याच मॉडेलचा डोंगल आणला तरी त्याचा पत्ता वेगळा. स्वस्त माउसची जोडी कारखान्यातच जमवलेली असते आणि ती बदलायची सोय बहुधा नसते. लॉजिटेकच्या काही माउसवर नारिंगी युनिफाइंग चिन्ह असतं. ही पद्धत २००९ची. तेच चिन्ह असलेला दुसरा डोंगल घेऊन सॉफ्टवेअरने जोडता येतो, एकावर ६ उपकरणं. लॉजिटेकचाच २०२१चा बोल्ट डोंगल मात्र या माउसना चालत नाही. माउसला ब्लूटूथ असेल तर डोंगल लागतच नाही. भाच्याच्या माउसला यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे शृंगारतळीहून अख्खा माउसच आला.

आणि हो, झाडू हातात घेण्याआधी माउसचं सेलचं झाकण उघडून बघा. डोंगल ठेवायची खोबण बऱ्याचदा तिथेच असते. आम्हाला हे पडवी दोनदा झाडल्यावर सुचलं. खोबण रिकामी होती.