दारावरची फॉल रीथ आली कुठून?

सप्टेंबर संपत आला की इकडे बॉस्टनच्या आजूबाजूला घराघराच्या दारावर फॉल रीथ, म्हणजे शरद ऋतूत दाराला लावायचं गोल कडं, दिसायला लागते. द्राक्षाच्या वाळलेल्या वेलीचं कडं, त्यात खोचलेली मेपलची लाल पानं, रंगीत मक्याची कणसं आणि केशरी फळांच्या काड्या. बऱ्याच जणांना वाटतं की ख्रिसमसची रीथ खपते म्हणून दुकानांनी हा प्रकार सुरू केला. आत्ताचं हे रूप तसं अलीकडचंच आहे, पण पीक घरात आलं की दाराला काहीतरी बांधायचं ही पद्धत ख्रिसमसच्याही कितीतरी आधीची आहे.

प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्समध्ये ऑक्टोबरच्या आसपास पायनोप्सिया नावाचा, अपोलो देवाचा सण असायचा. तेव्हा ऑलिव्हची एक फांदी घ्यायचे, तिला लोकर गुंडाळायचे आणि त्यावर अंजीर, छोटे पाव, मधाच्या-तेलाच्या कुप्या असं काय काय टांगायचे, आणि मग पोरं गाणं म्हणत ती दारोदार फिरवायची. हिचं नाव आयरेसिओनी. आकाराने गोल नव्हती, फांदीच होती, पण लागायची घराच्या दारावरच. प्लुटार्क या जुन्या ग्रीक लेखकाने याचा संबंध थिसियस या पुराणातल्या वीराशी जोडलाय, म्हणजे क्रीट बेटावरून सुखरूप परतल्यावर त्याने आणि सोबतच्यांनी उरलंसुरलं कडधान्य एकाच भांड्यात शिजवून खाल्लं, त्याची आठवण म्हणून हा सण. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की ही फांदी पुढच्या वर्षीची येईपर्यंत दारावरच राहायची, वाळून अगदी कोरडीठाक व्हायची, इतकी की अ‍ॅरिस्टोफेनिस या ग्रीक नाटककाराच्या एका नाटकात ‘ठिणगी पडली तर जुन्या आयरेसिओनीसारखी पेटेल’ अशी उपमाच आहे.

हे वाचताना मला कोकणातलं ‘नवं’ आठवलं. भाताची लोंबी, आंब्याचं पान, झेंडूचं फूल एकत्र बांधून दाराला लावतात ना, तेच. आमच्याकडे तेही वर्षभर काढत नाहीत. कोकणाने ग्रीसकडून घेतलं असं अजिबात म्हणायचं नाहीये, शेत पिकल्यावर माणसाला जे सुचतं ते दोन्हीकडे सुचलं एवढंच.

पुढे युरोपात सुगीच्या वेळी धान्याच्या काड्यांची कडी आणि मुकुट बनायला लागले, जर्मनीत गहू, राय, बार्ली, ओट्स यांचा मुकुट करून चर्चमध्ये टांगतात तो अजूनही. ॲडव्हेंटची, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार आठवड्यांची, मेणबत्त्यांची रीथ त्यामानाने खूप नंतरची, हॅम्बर्गच्या योहान विचर्नने 1839 मध्ये गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून केली.

अमेरिकेत आल्यावर या सगळ्यात इथलं सामान शिरलं. मका तर इथल्या मूळ रहिवाशांचंच पीक. आणि ती केशरी फळं म्हणजे बिटरस्वीट नावाची वेल, आपल्याकडच्या मालकांगोणी या औषधी वेलीची सख्खी चुलत बहीण, दोघींची प्रजाती (जीनस) एकच, सेलॅस्ट्रस. फळ पिकून फुटलं की आतून लाल दाणे दिसतात, अगदी मालकांगोणीसारखेच.

पण इथेच एक वाईट गोष्ट झाली. 1860 च्या दशकात पूर्व आशियातून तिचीच एक जात बागेच्या शोभेसाठी आणली गेली, ओरिएंटल बिटरस्वीट, आणि ती रानात अशी पसरली की आज मोठमोठ्या झाडांना आवळून मारते. पक्षी फळं खाऊन बिया पसरवतात, त्यात लोक जुन्या रीथ मागच्या अंगणात टाकून देतात, तिथूनही ती रुजते. मॅसॅच्युसेट्समध्ये आता ती विकायला बंदी आहे. ओळखायची खूण सोपी आहे, इथल्या मूळ जातीला फळं फक्त फांदीच्या शेंड्याला येतात आणि त्यांची साल केशरी असते, बाहेरून आलेल्या जातीला सगळ्या फांदीभर पानांच्या बेचक्यात येतात आणि साल पिवळी असते. तेव्हा रीथसाठी रस्त्याकडेची वेल तोडणार असाल तर आधी फळं कुठे लागलीत ते बघा, आणि सीझन संपल्यावर रीथ कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या.